दाराआडचं कौतुक

मराठी घरात मुलांचं कौतुक होत नाही असं जे म्हणतात, त्यांनी मराठी आईला बहिणीशी फोनवर बोलताना ऐकलेलं नसावं. "अगं, गणितात वर्गात पहिला! बाईंनी मुद्दाम बोलावून सांगितलं. नाही गं, आम्हाला कुठला वेळ शिकवायला? आपला आपण बसतो बिचारा. आणि समज काय आहे म्हणतेस, परवा मला ताप होता तर स्वतःहून कुकर लावला, तीन शिट्ट्या मोजून गॅस बंद केला." आता हा बिचारा त्या वेळी कुठं असतो? स्वयंपाकघराच्या दाराआड. पाणी पिण्याच्या निमित्तानं, रिकामा पेला ओठाला लावून. फोन खाली ठेवला जातो, आई वळते आणि त्याच गुणी बाळाला म्हणते, "इथं काय उभा राहून ऐकतोयस? अंघोळ झाली का? आणि गणितात ते चार मार्क कुठं घालवलेस?"

फोन दिवाणखान्यात, तिपाईवर, विणलेल्या रुमालाखाली होता तोवर हे बरं चाललं होतं. तिसरीपासून दहावीपर्यंतचा सगळा आत्मविश्वास मुलं अशी दाराआडून गोळा करत. मोबाइल आला आणि आई बोलत बोलत गॅलरीत जाऊ लागली, काचेचं दार ओढून घेऊ लागली. आताच्या मुलांना समुपदेशकाकडे न्यावं लागतं त्याचं मूळ त्या काचेच्या दारात आहे, असा माझा दाट संशय आहे.

बापाचं कौतुक तर घराच्या हद्दीतही होत नाही. ते होतं सकाळच्या फास्ट लोकलमध्ये, ठरलेल्या डब्यात, ठरलेल्या चौघांपुढं. घरी त्याचा पत्ता लागतो तो अपघातानं. कुठल्याशा लग्नात बाबांचे ऑफिसातले मित्र भेटतात, पोराच्या खांद्यावर हात ठेवतात आणि म्हणतात, "अच्छा, हाच का तो चित्रं काढणारा? अरे, तुझे बाबा आमचं डोकं खातात तुझ्या चित्रांनी. तो किल्ल्याचा फोटो तर दहा वेळा दाखवला." पोरगं चमकून बाबांकडे बघतं. बाबा त्या क्षणी मंगल कार्यालयाचा पंखा बघत असतात. किल्ल्याचं चित्र पाहून ते घरी इतकंच म्हणाले होते की, कागद वाया घालवू नकोस, पाठकोऱ्या कागदावर काढ.

तोंडावर कौतुक का नाही? याची कारणं तयार आहेत आणि ती आजीकडं आहेत. पहिलं कारण दृष्ट. बाळ गोरंगोमटं झालं की त्याच्या गालावर काजळाची तीट लावायची, म्हणजे बघणाऱ्याला खोट काढायला आयती जागा राहते. तरीही कुणी "काय गोड आहे हो!" म्हणून गेलंच, तर मीठ, मोहऱ्या आणि सुक्या मिरच्या उतरून निखाऱ्यावर टाकायच्या. मिरच्या जळून घरभर ठसका उठला नाही, तर दृष्ट जबरदस्त होती असं समजायचं. पाहुणीनं केलेल्या एका वाक्याच्या कौतुकावर एवढी उपाययोजना करणाऱ्या समाजात आईनं स्वतःच रोज उठून कौतुक करायचं म्हणजे घरात मिरच्या शिल्लक राहायच्या नाहीत. दुसरं कारण, पोर शेफारेल. तीट पाचव्या-सहाव्या वर्षी सुटते, शेफारण्याची भीती मात्र मूल पन्नाशीला आलं तरी आईवडिलांच्या मनातून जात नाही. बँकेत मॅनेजर झालेल्या मुलानं नवी गाडी दाखवायला आणली, तर वडील चाकाला हात लावून म्हणतात, "हवा कमी वाटतेय."

तोंडावर जे मिळतं त्याची प्रतवारी ठरलेली असते. काठावर पास झालात तर "काय उजेड पाडलात!" बरे मार्क मिळाले तर "बाकीचे कुठं गेले?" शंभरपैकी शंभर पडले तर आधी पेपर सोपा होता का याची चौकशी, मग वर्गात आणखी कितीजणांना शंभर मिळाले त्याची. आणखी तिघांना असतील तर त्या शंभराची किंमत पंचवीस होते. प्रगतिपुस्तकावर सही करताना बाप ते पुस्तक लांब धरतो, जवळ धरतो, पानं उलटी चाळून गेल्या सहामाहीशी ताडून पाहतो, आणि इतका वेळ घेऊन शेवटी म्हणतो, "हं." हे "हं" ज्यानं कमावलंय त्यालाच त्याची किंमत ठाऊक. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमानं शाळेत मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास द्यायला बंदी केली. घर त्यातून सुटलं. सुटलं नसतं तर प्रगतिपुस्तकाच्या दिवशी निम्मा महाराष्ट्र जामीन मागत फिरला असता.

तोंडावर कौतुक न करणाऱ्या या घराण्याचे मूळ पुरुष म्हणून क्रिकेट प्रशिक्षक रमाकांत आचरेकर सरांचं नाव घेतलं जातं. १६ नोव्हेंबर २०१३ला वानखेडेवर निरोपाचं भाषण करताना सचिन तेंडुलकरनं साऱ्या जगासमोर सांगितलं, की गेल्या २९ वर्षांत सर आपल्याला एकदाही ‘छान खेळलास’ असं म्हणाले नाहीत. पोरगं सैल पडेल अशी त्यांना भीती. आता आपण पुन्हा खेळणारच नाही, तेव्हा सरांनी म्हणून टाकायला हरकत नाही, असंही तो हसत म्हणाला. कोट्यवधी लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मराठी बापाच्या डोळ्यांत मात्र चमक आली. सोफ्यावर सावरून बसत त्यानं बायकोकडं असं पाहिलं, की बघ, मी काय सांगत होतो! शाबासकी आखडती घेतली की पोरगं शंभर शतकं ठोकतं.

पण त्यानं भाषण अर्धंच ऐकलं होतं. त्याच भाषणात सरांची स्कूटर आहे. पोराला सामन्यांचा सराव मिळावा म्हणून सर त्याला स्कूटरवर मागं बसवून शिवाजी पार्कवरून आझाद मैदानावर न्यायचे, एका दिवसात दोन दोन सामने खेळवायचे. शिवाय, भाषणाबाहेरची गोष्ट, ते नाणं. सराव संपत आला की सर स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवायचे. सचिनला जो बाद करील त्याचं नाणं, कुणालाच जमलं नाही तर सचिनचं. अशी तेरा नाणी त्यानं जपून ठेवली आहेत. एवढी बक्षिसं मिळाली त्याला, पण त्या रुपयांची सर दुसऱ्या कशाला आहे असं तो सांगत नाही. जो माणूस पोराला मागं बसवून मुंबईभर हिंडवतो, त्यानं तोंडानं काही नाही म्हटलं तरी चालतं. आमच्याकडं स्कूटर बिल्डिंगखाली कव्हर घालून उभी, आणि मौन तेवढं आचरेकर सरांचं.

तरी एक वाक्य मराठी आईबाप मुलाच्या तोंडावर, चारचौघांत, न घाबरता म्हणतात. पालकसभेत म्हणतात, डॉक्टरकडं म्हणतात, रिक्षावाल्यालाही ऐकवतात. "हुशार आहे हो, पण अभ्यास करत नाही." वर्गशिक्षिका हेच वाक्य पालकांना म्हणतात, पालक त्यांना परत म्हणतात, आणि दोन्ही बाजू प्रसन्न होऊन उठतात. आईबापांना वाटतं, आपण तक्रार केली. बाईंना वाटतं, आपण सुनावलं. आणि मध्ये उभं असलेलं पोरगं, मान खाली, चेहरा पडलेला, पण आतून शर्टाच्या गुंड्या तुटायच्या बेतात. कारण त्या वाक्यातला ‘पण’ त्यानं कधीच गाळलेला असतो. आपण हुशार आहोत. तेही अभ्यास न करता!

क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ बायकांनी नेमकं हेच तपासून पाहिलं. त्यांचं ते संशोधन १९९८मध्ये प्रसिद्ध झालं. पाचवीच्या वयाच्या मुलांना आधी बेताची कोडी घातली. सोडवून झाल्यावर काहींना म्हटलं, तुम्ही हुशार दिसता. काहींना म्हटलं, तुम्ही बरीच मेहनत घेतलेली दिसते. बस, फरक एवढ्या एका वाक्याचा. पुढं कुठल्या प्रकारची कोडी हवीत असं विचारल्यावर हुशार ठरलेल्यांपैकी बहुतेकांनी अशी मागितली, ज्यात आपली हुशारी शाबूत दिसेल. मेहनती ठरलेल्यांनी मागितली ती शिकायला मिळेल अशी, चुकली तरी बेहत्तर. मग सगळ्यांनाच अवघड कोडी देऊन पाडलं. त्यानंतर पुन्हा सोपी दिली, तर हुशार मंडळींची कामगिरी पहिल्यापेक्षाही घसरली, आणि मेहनतीवाल्यांची सुधारली. आणखी एक बारकावा मला फार आवडतो. दुसऱ्या शाळेतल्या अनोळखी मुलासाठी आपले गुण एका कागदावर लिहायला सांगितले, तेव्हा हुशार म्हटलेल्यांपैकी जवळजवळ चाळीस टक्क्यांनी ते वाढवून लिहिले. दहाव्या वर्षी, अनोळखी मुलासाठी, काही मिळायचं नसताना!

आता आपलं वाक्य घ्या. जे मुलाच्या हाती नाही, त्या हुशारीची त्यात शाबासकी आहे. जे त्याच्या हाती आहे, तो अभ्यास न केल्याची नोंद आहे. आणि दोन्ही जोडून असा हिशेब आहे, की अभ्यास सुरू केला तर धोका. अभ्यास न करता साठ टक्के पडले तर माणूस हुशार. रात्रंदिवस अभ्यास करून पासष्ट पडले तर? मग काय राहिलं? दहा वर्षांच्या मुलाला हे गणित कुणी शिकवावं लागत नाही. ते त्याला पाठ्यपुस्तकातल्या गणिताच्या आधी येतं. तो पुस्तक मिटतो आणि हुशार राहतो.

अशा मुलांचं पुढं काय होतं ते पाहायला अमेरिकेत जायला नको. कुठल्याही लग्नात जेवणाच्या हॉलजवळ, कूलरच्या समोर, चारपाच खुर्च्या ओढून बसलेल्या घोळक्यात एक काका असतात. सगळे सांगतात, काका फार बुद्धिमान, पण लक्ष दिलं नाही. काकांचं हे भांडवल चौथीच्या स्कॉलरशिपपासूनचं. त्यावर त्यांनी अख्खी हयात काढली आहे. इंजिनिअरिंगला गेले नाहीत, कारण ड्रॉइंग कोण काढत बसणार. एमपीएससीचा फॉर्म भरला, पण परीक्षेच्या आदल्या रात्री मित्राकडं बारसं होतं. मनात आणलं असतं तर कलेक्टर झालो असतो, हे ते स्वतः सांगतात. मनात का आणलं नाही, हे विचारायची कुणाची प्राज्ञा नाही. काका शब्दकोडं पेनानं सोडवतात, कधी पुरं करत नाहीत. आणि जेवणाच्या पंगतीत पुतण्याला मसालेभात वाढताना त्याच्या आईला म्हणतात, "वहिनी, हा माझ्यावर गेलाय. हुशार आहे, पण अभ्यास करणार नाही." वहिनींच्या हातातलं ताट थरथरतं.

तर हा झाला आखडत्या हाताचा कारभार. सढळ हातानं काय होतं, तेही पाहण्यासारखं आहे. जॉन व्हास्कोन्सेलोस नावाचे कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळातले एक सदस्य होते. माणसाच्या मनात स्वतःविषयी आदर नाही, म्हणून तो गुन्ह्याकडं, व्यसनाकडं, शाळा सोडण्याकडं वळतो, असं त्यांचं ठाम मत. त्यांच्या खटपटीनं १९८६मध्ये कायदा झाला आणि आत्मसन्मान वाढवण्यासाठी चक्क सरकारी कार्यदल नेमलं गेलं. पुढं राज्याचं अंदाजपत्रक जुळायलाही याची मदत होईल, कारण स्वतःबद्दल बरं वाटणारी माणसं कर जास्त भरतात, असाही एक युक्तिवाद होता. ‘डून्सबरी’ या गाजलेल्या व्यंगचित्रमालेनं त्यावर यथेच्छ हात धुऊन घेतले. १९९०मध्ये अहवाल आला, तडाखेबंद खपला, शाळाशाळांतून ‘मी विशेष आहे’चे तक्ते लागले. मग २००३मध्ये रॉय बाउमाइस्टर आणि सहकाऱ्यांनी तोवरचं संशोधन चाळून सांगितलं, की चांगले मार्क पडल्यावर मुलांना स्वतःबद्दल बरं वाटतं हे खरं दिसतं. पण नुसतं बरं वाटवून मार्क वाढतात याला फारसा पुरावा नाही. आमच्या आजीनं हे कार्यदल न नेमता सांगितलं असतं. अर्थात आजीनं सांगितलं असतं ते मात्र निम्मंच खरं असतं, कारण मुलाला रोज गाढव म्हटल्यानं मार्क वाढतात यालाही काही पुरावा नाही.

कॅलिफोर्नियात ज्याची हवा गेली, ते आमच्या सोसायटीच्या बागेत आत्ता कुठं पोचलंय. संध्याकाळी सहा ते साडेसात या वेळात तिथं जेवढं कौतुक होतं, तेवढं पेशव्यांच्या दरबारात झालं नसेल. मूल घसरगुंडीच्या वर बसतं, खाली येतं. "गुड जॉऽऽब!" खाली आणण्याचं काम पृथ्वीनं केलेलं असतं, पण तिच्याकडं कोण बघतो. मूल झोपाळ्यावरून उतरलं, "वॉव!" चप्पल उजव्या पायाची उजव्या पायात घातली, "सुपर! प्राउड ऑफ यू!" एक गोष्ट मी नीट ऐकून खात्री करून घेतली आहे. हे सगळं कौतुक इंग्रजीत चालतं. तेच मूल वाळू तोंडात घालायला लागलं की आई तत्काळ मातृभाषेत येते: "थुंक! थुंक आधी! घाणेरडा कुठला!" रागवायला मराठी आणि शाबासकीला इंग्रजी अशी वाटणी झाली आहे. मराठी टिकवण्याच्या चळवळीनं याकडं लक्ष द्यायला हवं, नाहीतर पुढच्या पिढीला ती फक्त ओरडा खाण्याची भाषा म्हणून आठवेल.

बागेतल्या एका बाकावर परवा चारसाडेचार वर्षांचा एक मुलगा वही मांडीवर घेऊन बसला होता. खडूची पेटी घसरली, ती सावरताना हातातला निळा खडू कागदावरून आडवा ओढला गेला. शेजारी आई मोबाइलवर काहीतरी टाइप करत होती. तिनं डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं आणि म्हणाली, "वॉव, ब्यूटिफुल!" मुलानं रेघेकडं पाहिलं, आईकडं पाहिलं आणि अत्यंत समंजस आवाजात सांगितलं, "आई, हे चुकून झालंय."

मुलं या बाबतीत आयकर अधिकाऱ्यापेक्षा चोख असतात. नेदरलँड्समध्ये एडी ब्रुमेलमन आणि सहकाऱ्यांनी २०१४मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. मुलांना व्हॅन गॉगच्या एका चित्रावरून चित्र काढायला दिलं. मग एका चित्रकाराची म्हणून त्यांच्या हाती चिठ्ठी दिली. कुणाच्या चिठ्ठीत ‘सुंदर चित्र’, कुणाच्या ‘अविश्वसनीय सुंदर चित्र’, कुणाच्या चिठ्ठीत काहीच कौतुक नाही. पुढचं चित्र सोपं की अवघड, हे मुलांनी ठरवायचं. ज्यांचा स्वतःवर मुळातच विश्वास कमी, ती मुलं ‘अविश्वसनीय’ वाचून दबली आणि त्यांनी सोपं चित्र पसंत केलं. आता रोज अविश्वसनीयच काढावं लागणार, त्यापेक्षा नकोच ते. साधं ‘सुंदर’ मिळालेली तशीच मुलं मात्र अवघड चित्राला भिडली. गंमत म्हणजे मोठी माणसं असं फुगवलेलं कौतुक वाटतात ते बहुधा याच मुलांना, बिचाऱ्यांना उभारी यावी म्हणून.

निमशहरी भागात ही फुगवण्याची जबाबदारी फ्लेक्सनं उचलली आहे. दहावीच्या निकालानंतर आठ दिवस चौकात पाऊल ठेवायला जागा नसते. ‘यशाचे मानकरी’ म्हणून मधोमध मुलाचा फोटो, कोट शिवलेला नसला तरी फोटोत घातलेला, खाली ६१ टक्के, आणि भोवती शुभेच्छुकांचे इतके चेहरे, की त्यातला पास कोण झालाय ते शोधावं लागतं. तरी माझं मत फ्लेक्सच्या बाजूनं आहे. ६१ टक्क्यांच्या मुलाला ‘बाकीचे ३९ कुठं गेले’ असं न विचारणारी आपल्याकडची ती एकमेव व्यवस्था आहे. शाळांनी दुसरा मार्ग काढला: सहभागाचं प्रमाणपत्र. चमचा-लिंबूत लिंबू पहिल्याच पावलाला पडलं तरी प्रमाणपत्र, आणि ते लॅमिनेट केलेलं. मुलं ती आणतात आणि कपाटामागं टाकतात. आई ती काढून फाइलला लावते.

बक्षिसाकडं मूल कसं बघतं, हे मारिया माँटेसोरीबाईंनी फार आधी लिहून ठेवलंय. रोमच्या सान लोरेंझो वस्तीत १९०७मध्ये त्यांचं पहिलं बालगृह सुरू झालं. तिथं एका हुशार मुलाच्या गळ्यात शिक्षिकेनं पांढऱ्या फितीचा चांदीचा क्रूस घातला होता, आणि दुसऱ्या एकाला शिक्षा म्हणून आरामखुर्चीत बसवलं होतं. क्रूसवाला आपल्या मेजावरून वस्तू ने-आण करण्यात गर्क. येता-जाता क्रूस खाली पडला. शिक्षेवाल्यानं तो उचलला आणि म्हणाला, तुझं काय पडलं बघितलंस का? तो म्हणाला, मला काही नको ते. मग मी घालू? घाल की, आणि मला काम करू दे! शिक्षेवाला क्रूस घालून खुर्चीत ऐटीत बसून राहिला. हीच परंपरा आपल्याकडं गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी आणली. १९४५मध्ये ताराबाईंनी अनुताई वाघांना घेऊन बोर्डीला बालवाडी मांडली, पुढं कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर नेली. मुलांच्या अंगणात जाऊन बसायचं, मूल काय करतंय ते बघायचं, हा त्यांचा खाक्या. त्याला फारसा खर्च येत नाही, म्हणून बहुधा तो कुणी नीट उचलला नाही.

आमच्या खालच्या मजल्यावर एक आजोबा राहतात. बांधकाम खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झाले. कौतुक हा प्रकार त्यांच्या सेवापुस्तकात नाही. निळ्या रेघेवाला तो मुलगा त्यांचाच नातू. एकदा तो घराचं चित्र घेऊन त्यांच्यासमोर उभा राहिला. आजोबांनी चष्मा चढवला. चित्र हातात घेऊन उजेडाकडं धरलं. असा बराच वेळ गेला. मुलगा पाय बदलत उभा. मग आजोबांनी करंगळीनं दार दाखवलं. "दार इथं वर, रस्ता इथं खाली. पायरी कुठाय? माणसं आत जाणार कशी?"

"उडी मारून," मुलगा म्हणाला.

"आणि मी?"

मुलानं आजोबांच्या गुडघ्यांकडं पाहिलं. चित्र परत घेतलं. दहा मिनिटांत दारापासून कागदाच्या कडेपर्यंत एक लांबलचक उतार काढून आणला. आजोबांनी पुन्हा चष्मा चढवला. "हं. उतार बरोबर आहे. कठडा?" मुलगा पळत गेला. त्या आठवड्यात त्या घराला कठडा आला, पाण्याची टाकी आली, टाकीला झाकण आलं, मीटरची पेटी आली. आजोबा एकदाही छान म्हणाले नाहीत, आणि पोरगं दुसऱ्या कुणाला चित्र दाखवायलाच तयार नाही.

हे त्याच्या आईला समजलं. ती नुकतीच पालकत्वाच्या कार्यशाळेला जाऊन आली होती. रविवारची सकाळ, हॉलमध्ये प्रोजेक्टर, ब्लेझरमधले वक्ते, मध्यंतरात दोन समोसे आणि टोमॅटो सॉसची पुडी. तिनं तिथं सगळं लिहून घेतलं होतं: मुलाला आधी सकारात्मक सांगायचं, मग सूचना, शेवटी पुन्हा सकारात्मक. फ्रिजवर तक्ता लागला होता आणि त्यावर चिकटवायच्या चांदण्यांची पट्टी आणली होती. तिनं सासऱ्यांना आदरानं, पण ठामपणे सांगितलं, "बाबा, त्याच्या चित्रातल्या चुका काढू नका. त्याचा कॉन्फिडन्स जाईल. काहीतरी पॉझिटिव्ह बोलत जा ना."

आजोबांनी आयुष्यभर वरिष्ठांच्या सूचना पाळल्या होत्या. दुसऱ्या दिवशी नातवानं आणलेली चार मजली इमारत त्यांनी हातात घेतली. चारही मजल्यांवरून नजर फिरवली. ओठ हलले, थांबले. सून स्वयंपाकघराच्या दारात उभी आहे हे त्यांनी पाहिलं. घसा साफ केला.

"इमारतीला जिनाच नाही, हे फार चांगलं केलंस," ते म्हणाले. "आता चोर वर जाऊ शकणार नाही."

नातवानं कागद ओढून घेतला, दातांत धरलेला खडू हातात आला. "आजोबा, चोर जिन्यानं येतच नाही," तो म्हणाला, आणि पहिल्या मजल्यापासून गच्चीपर्यंत पाइप काढायला बसला.